स्टोअरवाल्या काकांची दुसरी चावी

देवाने माणसाला डोळे दोन आणि कान दोन दिले ते केवळ खातरजमा करण्यासाठी, असं मानणारा एक तरी माणूस उभ्या पेडणे तालुक्यात असेल, तर तो म्हणजे आमचे स्टोअरवाले काका. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा बाटल्यांची बुचं करणारा छोटासा कारखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये बेअरिंगं, पट्टे, ऑइल सील आणि नाना आकारांचे नटबोल्ट यांच्या मधोमध काका बसतात. मी पुढच्या ऑफिसात असते. हजेरी, रजा, कॉम्प्युटर आणि चहावाल्याशी भांडणं ही सगळी खाती माझ्याकडे आहेत. काकांना नावाने कुणीच हाक मारत नाही. त्यांचं नाव काय हे मलासुद्धा ते कॉम्प्युटरवर चढवायची वेळ आली तेव्हाच कळलं, आणि तेही त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

संध्याकाळी शेडला कुलूप लावलं की काका ते ओढून बघत. फाटकापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. मग दोडामार्गाकडच्या आमच्या वॉचमनला पाठवून त्याच्याकडून ओढून घेत. हे कुलूप चोर कधीच मोडणार नाही, आपणच ते ओढून ओढून मोडणार, असं वॉचमन म्हणायचा. पुरवठादाराचा माल आला की तो आपल्या काट्यावर तोलायचा आणि मग शेजारच्या कारखान्याच्या काट्यावरही, कारण आपला काटा आपल्या बाजूने बोलणार हे उघड आहे. लग्नाच्या आमंत्रणाचीही तीच गत. नवऱ्याकडून पत्रिका आली की काका नवरीच्या घरचा नंबर मिळवून तिकडे फोन करत आणि लग्न खरोखरच आहे ना, हे विचारून घेत. यावरून एकदा त्यांच्या गावी, कोरगावात, चांगलीच बोलाचाली झाली. मी त्यांना म्हटलं, काका, असं विचारू नये, लोकांना वाईट वाटतं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "गो बाय, एकट्या नवऱ्याच्या सांगण्याक काय अर्थ आसा?"

स्कूटर घेतानाची गोष्ट तर अजून कोरगावात सांगतात. आमच्याकडे मोठं काही करायचं तर देवाला विचारतात. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काकांनी स्कूटरसाठी असा प्रसाद, म्हणजे कौल, लावला आणि उजवी पाकळी लगेच पडली. दुसऱ्या कुणीही तिथून उठून थेट शोरूम गाठली असती. काकांनी गुरवाला सांगितलं, परत लाव. या खेपेला डावी पडली. आता एक होकार आणि एक नकार असा गुंता झाला, तो सोडवायला तिसऱ्यांदा, मग तिसऱ्याची खात्री करायला चौथ्यांदा, असं करता करता गुरव रडकुंडीला आला आणि देवाचीही जेवायची वेळ झाली असं सांगून त्याने दार ओढून घेतलं. काका पुढे कित्येक महिने बसनेच येत राहिले. शेवटी एक दिवस काकी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, घ्या ती स्कूटर एकदाची. झालं! देवाचा एक होकार आणि काकींचा एक होकार मिळून हिशेब पुरा झाला. दुसऱ्या दिवशी काका स्कूटरवरून आले.

काकी हीच त्यांची खरी खातरजमा होती. शेडमध्ये फोनला रेंज अजिबात नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत काका अंगणातल्या फणसाखाली उभे राहून घरी फोन लावत आणि स्पीकरवर ठेवत, त्यामुळे सगळ्या कारखान्याला तो ऐकू येई. गॅस बंद केलास? केलाय. परत बघ. बघितलंय. काकी जागच्या हललेल्या नाहीत हे आम्हाला त्या 'बघितलंय'च्या घाईवरून कळायचं, आणि मला वाटतं काकांनाही कळायचं. पण फोन खिशात टाकताना त्यांचा चेहरा असा निवांत व्हायचा की दिवसभर दुसऱ्या कशाची फिकीर उरत नसे.

काकी गेल्या त्याला आता गणपतीच्या दोन चवथी होऊन गेल्या. एकुलती मुलगी बेंगळुरूला नोकरी करते आणि रविवारी फोन करते. कोरगावातल्या त्या घरात काका एकटेच राहतात. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराची सायकल वाजली की जनेलाच्या गजांतून हात काढून उंडे घेतात, आणि त्या घरात कुणाशी संबंध आला तर तेवढाच. त्या सुमारास त्यांच्या अर्ध्या दिवसाच्या रजा वाढल्या. रजा माझ्याकडे येतात, म्हणून कारणही मीच वाचायची. प्रत्येक अर्जात एकच कारण असे: घराचे कुलूप बघणे. पहिल्या अर्जाला मी हसले होते. नंतर नाही हसले.

अशात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फर्मान आलं की कंपनीचं सगळं काम आता ज्या क्लाउड ॲपवर चालतं, त्यात नुसता पासवर्ड टाकून शिरता येणार नाही. पासवर्डनंतर फोनवर एक आकडा येईल, तो टाकला तरच दार उघडेल. हे सगळ्यांना समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं आणि सोपं व्हावं म्हणून बँकेच्या लॉकरचा दाखला दिला: एक चावी तुमची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. बाकीचे कपाळाला आठ्या घालून बसले होते. रोजचं काम होतं त्यात आणखी हे कशाला, हा भाव प्रत्येकाच्या तोंडावर होता. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. आयुष्यभर आपण जे सांगत आलो ते अखेर पुण्याला पटलं, अशा समाधानाने ते मान डोलावत होते. मी टेबलाटेबलावर जाऊन प्रत्येकाचा फोन जोडून दिला. काकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, माझं मी केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर बसते न बसते तोच माझ्या फोनवर एक आकडा आला. मी तर कुठेच शिरत नव्हते. कुणीतरी फसवणूक करतंय असं वाटून मी फोन बंदच करणार होते, इतक्यात दारात काका उभे. "गो बाय, माझो आकडो इलो काय तुझ्याकडे?"

काकांनी आपल्या खात्याला माझा नंबर लावला होता. माझ्या लॉकरचा दाखला त्यांनी अक्षरशः घेतला होता. एक चावी आपली, दुसरी दुसऱ्या माणसाची. मी कपाळाला हात लावला आणि सांगितलं की काका, फोनसुद्धा तुमचाच असायला हवा. त्यावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला पुण्यातल्या शहाण्यांकडेही उत्तर असेल की नाही, शंकाच आहे. म्हणाले, "दोन्ही चाव्यो एकाच खिशात ठेवल्यार चोराक एकच खिसो कापूक लागता मां?"

बदलून टाकू, पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणता म्हणता ते तसंच राहिलं. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा ॲप आकडा मागायचं आणि काका अंगण ओलांडून माझ्या टेबलाशी यायचे. इंटरकॉमवरून विचारता आलं असतं, पण फोनवरून बोलणारी मीच कशावरून? आल्या आल्या आकडा विचारायचा नाही, हा त्यांचा रिवाज. आधी मी काय खाल्लं ते विचारायचं, मग कारापूरला घरी असलेल्या माझ्या आईची तब्येत कशी आहे ते. हंगामात कागदात गुंडाळलेली काजूची बोंडं टेबलावर ठेवायची. मग आकडा. मी वाचायचा, त्यांनी पुन्हा म्हणून दाखवायचा आणि तळहातावर लिहून घ्यायचा. रोजच्या या 'आज आकडो काय'मुळे वॉचमनचा भलताच समज झाला आणि एकदा त्याने हळूच येऊन मला विचारलं, ताई, हा ओपनचा की क्लोजचा? मी मटका चालवत नाही हे त्याला पटवायला मला अर्धा दिवस लागला. पण तोवर त्याने काकांच्या शेवटच्या आकड्यावर थोडं लावून ते घालवलेलंही होतं.

हळूहळू आकड्याबरोबर दुसरे प्रश्नही येऊ लागले. जाता जाता दारात थांबून काका विचारायचे, घराचं कुलूप लावलं असेल ना मी? गॅस बंद केला असेल ना? कोरगावातलं त्यांचं घर मी जन्मात पाहिलेलं नाही. पहिल्यांदा मी म्हटलं, मला कसं कळणार काका? तेव्हा त्यांचं तोंड इतकं उतरलं की दुसऱ्या दिवसापासून मी बेधडक सांगू लागले: लावलंय काका, बंद केलाय काका. कुलूप बघण्यासाठीच्या रजा बंद झाल्या. माझंही तसं बरं चाललं होतं. माझे यजमान बोटीवर असतात, वर्षाचे बरेच महिने समुद्रात. घर कारापूरला, पण रोजचं जाणंयेणं झेपत नाही म्हणून मी आठवडाभर तुयेला भाड्याच्या खोलीत एकटी राहते. सकाळी उठल्यापासून माझ्याशी कुणीतरी बोललेलं पहिलं वाक्य बहुधा काकांचंच असायचं. एकटेपणाची एवढी सवय झाली होती की तो आहे हे मला काका टेबलाशी यायला लागल्यावरच कळलं.

मग पुण्याहून फोन आला. तिथल्या तपासणीत एकच नंबर दोन खात्यांना दिसला होता. फोनवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला की मॅडम, या आठवड्यात बदला, नाहीतर ते खातं आम्हाला बंद करावं लागेल. आता खातं बंद म्हणजे स्टोअर बंद, कारण ॲपवर नोंद झाल्याशिवाय नटसुद्धा बाहेर देता येत नाही. आमच्या साहेबांच्या कानावर हे गेलं. निवृत्तीचं वय उलटल्यापासून काका वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर आहेत. साहेब म्हणाले, चवथीनंतर मुदतवाढीचा विचार करायचाच आहे, एवढंही जमत नसेल तर त्यांना आता विश्रांती देऊ. विश्रांती म्हणजे कोरगावातलं ते घर आणि पदेराची सायकल, एवढंच उरणार होतं. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, पण मला होतं.

त्या दिवशी अंगण ओलांडून मी शेडमध्ये गेले. काकांनी उठून स्टूल पुसून दिलं. मी सगळं सांगितलं. हातातला वॉशर फिरवत त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा त्यांनी मुलीचाच नंबर द्यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली होती, बाबा, मी मीटिंगमध्ये असते, तुमचा आकडा तुमच्याच फोनवर घ्या ना. तिचंही चूक नाही, असं त्यांनी स्वतःच पुढे जोडलं. मी म्हटलं, काका, पुण्याचं म्हणणं तेच आहे. आपण आहोत याची खात्री आपणच करून द्यायची.

"मगे ती खात्री कसली गो?" काका म्हणाले. "माकाच मी विचारूचा आणि मीच हय म्हणूचा?"

नोकरी जाईल काका, एवढंच मी म्हटलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी त्यांच्या खात्यावरचा माझा नंबर काढला आणि फणसाखाली रेंजमध्ये जाऊन त्यांच्या फोनवर ते आकडे दाखवणारं ॲप घातलं. त्याला रेंज लागत नाही, त्यामुळे शेडमध्ये बसल्या जागी आकडा दिसतो. दर अर्ध्या मिनिटाला जुना आकडा पुसला जाऊन नवा येत होता. काका ते बघत राहिले. "हो आकडो कोणाक सांगता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाही काका, आपोआप येत राहतो.

सगळं सुरळीत झालं. पुण्याहून शाबासकीचा मेल आला, चवथीनंतर साहेबांनी मुदतवाढही दिली. काका शेडमध्ये बसून आपला आकडा आपणच बघू लागले आणि त्यात एकदाही चुकले नाहीत. सकाळी माझा फोन गप्प असायचा. मी खिडकीतून शेडकडे बघायची, मग उगाचच चहावाल्याशी भांडायची. पुढच्या आठवड्यात काकांचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज आला. कारण मी वाचलं नाही, नुसता मंजूर केला.

त्यानंतरच्या सकाळी दारात काका उभे. हातात फोन, ॲप उघडलेलं. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, वाच. मी म्हटलं, काका, तुम्ही अंगण ओलांडून कॉम्प्युटरपाशी पोचेपर्यंत हा बदलेल हो.

"बदलांदे," काका म्हणाले. "तू वाच."

आता ते रोज येतात. मी काय खाल्लं ते विचारतात, आईची चौकशी करतात, मग फोन पुढे करतात. मी आकडा वाचते, ते पुन्हा म्हणून दाखवतात, मान हलवतात आणि अंगणातून परत जातात, आणि तिथे बसून आपला आपण नवा आकडा घेतात. मी वाचलेला आकडा कुठलंही दार उघडत नाही हे त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तरी मी तो सावकाश वाचते.