दुधी मावेल अशी पर्स

मध्यंतरी मी पर्सच्या दुकानात दुधी घेऊन जायचे. चांगला हातभर लांब, कोवळा दुधी. रोह्याच्या बाजारातला दुकानदार काउंटरवर एकेक पर्स मांडायचा आणि मी तीत डबा, पाण्याची बाटली, छत्री, रजिस्टर आणि शेवटी तो दुधी घालून बघायचे. चेन लागली तर पर्स पास. एकही पास झाली नाही. "मॅडम, ही पर्स हाय, टोपली नाय," दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला. मी म्हटलं, "मला दोन्ही एकातच पाहिजे, आणि पाचशेच्या आत." त्याने दुधी उचलून माझ्या हातात ठेवला.

हे खूळ माझ्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. मी पेणला राहते आणि गावोगावच्या बायकांचे बचतगट बघते. आज खाडीकाठी मिठागरांच्या बाजूला, उद्या आत गागोद्याकडे, आणि महिन्यातून एकदा रोह्याच्या ऑफिसात मीटिंग. आता आमच्याकडची रीत अशी, की दारात आलेल्या बाईला रिकाम्या हाताने कुणी जाऊ देत नाही. आत शेतीच्या गावांतून वालाच्या शेंगा नाहीतर दुधी, खाडीकाठी सुकट, आणि नशीब जोरात असेल तर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले जिवंत खेकडे. नको म्हणायची सोयच नाही. त्यामुळे माझ्या दोन्ही हातांत कायम प्लास्टिकच्या पिशव्या लोंबकळत असायच्या, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

वाटायला लागलं ते एका मीटिंगपासून. रोह्याच्या ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ मॅडम तेव्हा नव्यानेच बदली होऊन आल्या होत्या. राहायला जवळच वरसेला, बोलायला फटकळ. मी पिशव्या सावरत दारातून आत येतेय तोच सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय हो, बाजारातून आलात वाटतं?" सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले. उन्हातान्हात वणवण करून मी ते गट उभे केलेले. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि दिसल्या काय, तर माझ्या पिशव्या!

मीटिंग सुटल्यावर तडक बाजारात गेले आणि रागाच्या भरात एक पर्स घेतली. काळी, चकचकीत, अधिकारीणबाईच्या हातात शोभेल अशी. रजिस्टर आणि डबा कसाबसा मावला. बाकी कशाला जागा नव्हती, आणि त्या वेळी मला तेच बरं वाटलं.

मग मिठागराच्या गावात गेले. तिथल्या गटाची अध्यक्ष माझ्या आईच्या वयाची आहे. तिचा सगळा जन्म मिठागरात गेला, आणि गटातल्या बायकांना एकत्र ठेवलंय ते तिनेच. तिने पानात गुंडाळलेली सुकट पुढे केली. मी म्हटलं, "आज नको हो, पर्समध्ये जागा नाही." तिने एकदा पर्सकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "काय गो, आमच्या हातचं आता चालत नाय का तुला?"

ही बाई रुसली, की गट माझ्यापासून तुटला हे तर होतंच. पण त्याहून मला लागला तो तिचा उतरलेला चेहरा. मी घाईघाईने पर्समधलं रजिस्टर काढून काखेत मारलं आणि म्हटलं, "चालतं हो, द्या, काय द्यायचं ते द्या." ती लगेच फुलली. सुकट बाजूला ठेवून आतून नांग्या बांधलेल्या दोन चिंबोऱ्या घेऊन आली आणि माझ्या नव्याकोऱ्या पर्समध्ये सोडल्या. मीही वेड्यासारखी चेन लावली.

वडखळ सोडल्यावर एसटीत पर्समधून खरखर ऐकू यायला लागली. एकीची दोरी सुटली होती. पेण येईपर्यंत अस्तराच्या चिंध्या झाल्या, चेन आतून धरली गेली ती उघडेना, आणि शेजारच्या काकांनी पाय उचलून सीटवर घेतले. घरी पोचल्यावर नवऱ्याने पर्स कापून चिंबोऱ्या सोडवल्या. त्यांचा रस्सा झकास झाला. पर्स कचऱ्यात गेली.

तेव्हा मी ठरवलं. मॅडमसमोर ताठ मानेने जाता येईल आणि मिठागरातल्या बाईला नाही म्हणावं लागणार नाही, अशी पर्स मिळाल्याशिवाय थांबायचं नाही. रोहा झालं, पेण झालं. मोबाईलवरून एक मागवली, ती फोटोत घागरीएवढी आणि हातात तांब्याएवढी, म्हणून परत पाठवली. मोठ्या पर्सना आत कापडी अस्तर, म्हणजे सुकटीचा वास जन्मभर. धुता येतील अशा पिशव्या घेऊन ऑफिसात जावं, तर पुन्हा बाजारातून आलेलीच दिसणार. "तुला पर्स नको, छोटा टेम्पो पाहिजे," नवरा म्हणाला. त्या दिवशी त्याला दुधीचीच भाजी मिळाली.

आणि मग एकदा पेणच्या रिक्षात बसले असताना माझा हात सीटवर फिरला. रेक्झिन! पावसात भिजतं, उन्हात तापतं, कुणीही काहीही सांडतं, फडकं मारलं की पुन्हा लख्ख. ही गोष्ट इतके दिवस माझ्याच बुडाखाली होती.

रिक्षावाल्यालाच विचारून सीटा शिवणाऱ्याचं दुकान गाठलं. वर्तमानपत्रावर चित्र काढून दाखवलं. वर ऑफिसचा कप्पा, खाली वेगळ्या चेनचा खोल कप्पा, मध्ये पक्की भिंत. खालच्याला हवा जायला पितळी कड्या, ताडपत्रीला दोरी ओवायला असतात तशा. तो म्हणाला, "ताई, मी सीटा शिवतो, लेडीज पर्स नाय." मी म्हटलं, "मग सीटच शिवा, फक्त तिला बंद लावा." तो हसला आणि तिथेच फसला. मी स्टूल ओढून समोर बसले. एक कडी वाकडी लागली ती काढायला लावली, बंदाला दुहेरी शिलाई मारून घेतली. रंग त्याच्याकडे उरलेला होता तोच, गडद मरून, पण असा उठून दिसत होता की मी हरखून गेले. बरोबरचा दुधी आत गेला. चेन लागली! भर दुकानात मी टाळी वाजवली. पाचशेची नोट दिली, तर वर सुटे परत आले.

पुढच्या मीटिंगच्या सकाळी मी आधी मिठागराच्या गावात गेले. अध्यक्षबाईने पर्स उलटीपालटी करून बघितली. "आनि ह्यो खालचा कप्पा कोनाचा गो?"

"तुमचा."

तिने पदराला हात पुसले, आपल्या हाताने चेन उघडली, तळाला ओला गोणपाट घातला आणि त्यावर नांग्या घट्ट बांधलेल्या चिंबोऱ्या एकेक करून ठेवल्या. "यातल्या दोन तुझ्या मॅडमला दे," म्हणाली. मला भरून आलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

रोह्याला ऑफिसात शिरले ती एका खांद्याला एक पर्स आणि दोन्ही हात मोकळे. वरून रजिस्टर काढलं, कोरडं ठणठणीत. मॅडमची नजर पर्सवर दोनदा गेली, ती मी बरोबर टिपली. मीटिंग संपल्यावर त्यांच्या टेबलाशी जाऊन खालची चेन उघडली. मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अय्या, जिवंत?" पण चिंबोऱ्यांचं नाव काढलं की भल्याभल्यांचा जीव विरघळतो, त्यांचाही विरघळला. फक्त त्यांच्या महागड्या पर्समध्ये त्या ठेवणार कुठे? शेवटी शिपायाने कुठूनतरी एक प्लास्टिकची पिशवी आणून दिली.

बाहेर आले तेव्हा मॅडम वरसेच्या रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. कोपरात पर्स, आणि अंगापासून लांब धरलेल्या हातात वळवळणारी पिशवी. मला राहवलं नाही.

"काय मॅडम, बाजारातून आलात वाटतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि भर रस्त्यात खळखळून हसल्या. "कुठे शिवलीत हो ती पर्स?"

"पेणला," मी म्हटलं. "चला, घेऊन जाते. फक्त येताना दुधी आणा."