चुना मळायला परवानगी लागत नाही

गुलाबचाचा गेल्याची खबर मला बीडच्या कचेरीबाहेर कळली. आमच्या गावचा गाडीवान बैल सोडता सोडता म्हणाला, "पत्रकवाले, तुमचे चाचा गेले हो परवा." मला 'पत्रकवाले' म्हणायला गावाला शिकवलं ते चाचांनीच... मी तिथंच पायरीवर बसलो. आता महिना होत आला. जो भेटतो तो सांगतो, मोठा भला माणूस होता. मला या बोलण्याचा संताप येतो. अंमलदारापुढं मान खाली घालणारी भली माणसं या मुलखात पायलीची पन्नास मिळतात. चाचा भले नव्हते, चिवट होते, आणि म्हणूनच आमची सराई आज उभी आहे.

धारूरचा घाट उतरलं की आमचा कसबा लागतो. वेशीजवळ ही सराई : काळ्या दगडाच्या कमानी, मधे चौक, मागं पायऱ्यांची बारव. एका निपुत्रिक घोडेव्यापाऱ्यानं मरताना ती आपल्या भाईचारा मंडळीच्या ओटीत घातली. मंडळी म्हणजे गावचे मणेर, तांबट, कोष्टी, गाडीवान. हिंदू आणि मुसलमान दोन्ही. एकमेकांच्या मयतीला खांदा द्यायचा आणि वाटसरूला सराईचं दार उघडं ठेवायचं, एवढाच त्यांचा कायदा. बांगड्या भरणारे मणेर गुलाबचाचा तिचे सरपंच. एका वर्षी मधल्या कमानीला तडा गेला आणि वरून हुकूम आला : पावसाळा सरला की पाहणी होईल, कमान पडकी दिसली तर इमारत सरकारजमा, तिथं पोलिसांचं ठाणं बसेल. भावानं भावांना दिलेल्या घरात ठाणं! मी पेटलो. सभेची परवानगी मागितली, नामंजूर झाली. होणारच, ज्यांना सराई गिळायची, परवानगी देणारे तेच. मग मी म्हणालो, हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखातल्या सोलापूरहून पत्रक छापून आणतो. चाचा बांगड्यांच्या माळा बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "कावून बे, तुझं पत्रक कमानीच्या फटीत कोंबायचं हाय का?" आणि माळेला गाठ मारून, "सभेला परवानगी लागती. चुना मळायला न्हाई लागत. समद्यांला सांग, जुम्म्याची नमाज झाली की घाणीवर या."

चौकाच्या कोपऱ्यात जुनी चुन्याची घाणी होती : दगडी गोल चर, त्यात उभं चाक, चाकाला लांब दांडा. तिला बैल जुंपतात. चाचांनी जुंपू दिला नाही. "बैल भाड्यानं मिळतो, भाऊ न्हाई मिळत." तेव्हा आम्हीच बैल झालो. चुना, वाळू, बेलफळाचा गर, गुळाचं पाणी... आणि सभेत जे बोलू दिलं नसतं, ते सगळं त्या फेऱ्यांत बोलून झालं. गवंड्यांनी कमान उतरवली. मी म्हणालो, नव्या विटा लावा, लवकर होईल. चाचा उसळले, "भावानं दिल्याला दगुड हाय. त्योच बदलला तर सराई आपली कशी ऱ्हाईल?" दगड खुणा करून उतरवले आणि त्याच जागी बसवले.

एका जुम्म्याला पोलिसांचे अमीनसाहेब आले. सभेला ते जलसा म्हणत. "क्या जलसा लगाके रखे?"

"जलसा कशाचा, हुजूर? चुना मळतोय. पर हितं जो उभा ऱ्हाईल त्यानं दांड्याला हात लावायचा, असा रिवाज हाय," चाचा म्हणाले.

आमचं चाक थांबलं. अमीनसाहेबांनी काय मनात आणलं कोण जाणे, छडी काखेत मारली आणि हात लावला! अर्धी फेरी झाली असेल, रामा तांबट खिंकाळला, "हुजूर, आता तुमी बी जलशात!" सगळा चौक हसला. साहेब हात झटकत गेले ते परत फिरकले नाहीत. पाहणीला दुसरेच अंमलदार आले. त्यांनी ओळंबा सोडून पाहिला, कमानीत केसाएवढीही फट नव्हती. हुकूम मागं घेतल्याचं त्यांनी तोंडानं सांगितलं नाही, तसेच निघून गेले. सराई आमची राहिली.

चाचांच्या शोकसभेसाठी मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा नामंजूर. मेलेल्या मणेराचीही यांना भीती! मी पत्रक लिहायला बसलो होतो, तेवढ्यात जुम्म्याच्या दुपारी घाणीचा आवाज ऐकू आला. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. बारवेच्या पायऱ्यांचे सांधे उघडे पडलेत, चुना हवाच होता. सगळे दांड्याला लागले होते, फक्त टोकाची जागा, चाचांच्या हातानं गुळगुळीत झालेली, मोकळी होती. मी दारात उभा राहून नुसता बघत होतो.

"बघतो काय बे, पत्रकवाल्या?" रामा ओरडला. "हितला रिवाज इसरला का?"

मी बाह्या सारल्या आणि टोकाला हात घातला.