पाय अडकवणारे बूट

जळगावच्या त्या स्पर्धेत आधी तलावात पोहायचं, मग धुळे रस्त्यानं एरंडोलपर्यंत सायकलवर जाऊन यायचं आणि शेवटी पळायचं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ट्रायथलॉन हा शब्द न अडखळता म्हणणारे आमच्या कॉलेजात एकटे क्रीडाशिक्षकच. पोहण्यापळण्याची मला धास्ती नव्हती. जीव खाल्ला तो बुटांनी.

आदल्या हिवाळ्यात सराव करताना कॅनव्हासच्या बुटांनी माझा घात केला होता. पोहून ओल्या पायांनीच सायकलवर बसलो, बूट भिजले, पेडलवरून पाय सटकला आणि मनगट मोडून घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, दवाखान्यात एकच वाक्य बोलले, "आते पडना ते सायकल इकी टाकसू." पुन्हा पडलो तर सायकल विकणार, असं आबांनी म्हटलं म्हणजे झालंच. लाडकी म्हैस विकताना त्यांनी आईच्या तोंडाकडेही पाहिलं नव्हतं. माझ्या सायकलचं काय घेऊन बसलात!

म्हणून शिक्षकांनी त्यांचे जुने शर्यतीचे बूट पुढे केले. तळवा लाकडासारखा कडक, खाली खाच असलेली पट्टी. ती खाच पेडलवर बसवायची आणि वरून चामडी पट्टा ओढायचा. पाय सटकणं शक्यच नाही. पण थांबायचं तर आधी हातानं पट्टा सैल करायचा, मगच पाय वर उचलायचा. विसरलात की सायकलसकट आडवे.

म्हणजे एक बूट पाय सोडून देणारा आणि दुसरा सोडतच नाही असा. मी दोन्ही जोड खाटेखाली ठेवून रोज चिडत होतो. शेवटी कडक बूट निवडले, पोहून आल्यावर झटकन चढवता यावेत म्हणून नाड्या काढून ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या बसवल्या आणि अंगणाच्या भिंतीला टेकून हात आपोआप बकलाकडे जाईपर्यंत तालीम केली. आबा ओट्यावरून बघत होते. "मी काही तो तमाशा पाहाले येणार नही," म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी एरंडोलहून परत फिरलो तेव्हा पुढे एकच जण होता. वारा तोंडावर, ट्रक अंगाला घासून जात होते, आणि प्रत्येक हॉर्नला मी कडेला सरकत होतो. पडायचं नाही, एवढंच डोक्यात. पण पाय मात्र घट्ट बसले होते आणि पुढच्याची पाठ जवळ येऊ लागली होती.

आमच्या गावाचा फाटा आला. निंबाखाली पांढरी टोपी, एक हात कमरेवर. आबा.

आमच्याकडे वडीलधारं माणूस रस्त्यात दिसलं की सायकलवरून उतरायचं, राम राम करायचा, चार पावलं हातात धरून चालायचं आणि मग पुन्हा बसायचं. आबांसमोरून मी कधी सीटवर बसून गेलो नव्हतो. शर्यत, ट्रक, पट्टा, सगळं विसरलो. ब्रेक दाबला आणि उजवा पाय सवयीनं मागून टाकायला गेलो. पाय कुठला निघतोय! सायकल घेऊन मुरमावर आदळलो.

संपलं, असं वाटलं. गुडघा सोलला होता, त्याचं काहीच नाही. आबांनी येऊन पट्टे कसेबसे मोकळे केले, सायकल उभी केली आणि हँडल धरून ठेवलं. आता ती घेऊन घराकडेच निघणार, या भीतीनं मला रडू फुटलं.

"चालू गाडीवरथून का बरं उतरत व्हता रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही उभा व्हतात ना, आबा."

एक ट्रक गेला, धूळ खाली बसली.

"मन्हासाठे?" असं म्हणून त्यांनी सायकल माझ्यासमोर धरली. "बस."

मी बसलो. आबा खाली वाकले. माझा बूट दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती खाच पेडलवर बसवली. वडिलांनी माझ्या पायतणाला हात लावलेला मला सोसेना. "आबा, नका," म्हणत मी पाय ओढला, पण त्यांनी तो सोडला नाही. पट्टा ओढला, आणखी आवळायच्या तयारीत तसाच धरून ठेवला आणि मान वर न करताच विचारलं,

"आखो घट करू का?"