चित्रातली जास्तीची पानं

मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो आणि माझे थोरले दादा संत्र्याचे बागवान. बाग वडिलांची, अमरावतीच्या रस्त्यानं वाडीच्या पुढे, तीनशे झाडांची. वाटणीच्या वेळी मीच म्हणालो होतो की मला मातीत हात घालायचा नाही, आणि दादा ते कधी विसरले नाहीत. घरी आले आणि माझं एखादं चित्र भिंतीवर दिसलं की हमखास विचारायचे, "या झाडाले संत्रं लागते काय गा?" घरचे हसायचे. मीही हसायचो, पण चाळिशी उलटली तरी ते मला झोंबायचं.

एका वर्षी ऐन पौषात मोटेचा बैल बुजला आणि दादांची मांडी मोडली. डॉक्टर जवळ म्हणून त्यांना शहरात, महाल भागातल्या माझ्या घरी आणलं. बाग तेव्हा ताणावर होती. आंबिया बहार धरायचा तर आमच्याकडे झाडांचं पाणी तोडतात आणि बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या टाकतात. तहानलेलं झाड पानं गाळू लागतं. निम्मी पानं गळली की मुळ्या शेणखतानं झाकून पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी भरतं. घाई केली तर फूल धरत नाही, उशीर केला तर झाडच हातचं जातं. तो दिवस दादा नजरेनं ठरवत. बागेतला सालदार गडी जाणता माणूस होता, पण मालकाच्या शब्दाशिवाय त्यानं मोट जुंपली नसती.

दादा खाटेवर तळमळत होते. मी बागेत जाऊन आलो की विचारायचे, "पानं किती पडली?" मी म्हणायचो, पुष्कळ. "पुष्कळ म्हंजे किती? मास्तर हायेस का कोन हायेस!" एका रविवारी मात्र ते वैतागून म्हणाले, "काढून आन. एवढी वर्षं रंग फासून राहिला, आज एका कामाचा तरी हो."

मी विलायती रंगांची पेटी घेऊन गेलो. विहिरीच्या काठी बसून दुपारपर्यंत चित्र काढलं. बाग भकास दिसत होती. पाचोळा, उघड्या मुळ्या, मधूनमधून नुसत्या काड्या. कागदावर ती आणखीच भकास दिसायला लागली. मग मी फांद्यांवर पानं घातली. आधी एका झाडावर, मग तोल साधावा म्हणून शेजारच्या झाडावर, मग सगळीकडेच थोडी थोडी. आजारी माणसाला बरं वाटेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला चित्र चांगलं दिसायला हवं होतं.

निघताना सालदार जवळ आला. "मास्तर, मालकाले सांगजा, आता पानी पाहिजे. झाडं सुकून राहिली." मी बरं म्हणालो.

दादांनी चित्र दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं. बागेच्या कडेची, धुऱ्यावरची बाभूळ ओळखली, विहिरीचं खचलेलं तोंड ओळखलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साजरं काढलं गा." जन्मात पहिल्यांदा. मला भरून आलं. सालदाराचा निरोप मी सांगितला, अगदी शब्दाला शब्द. दादा हसले. "तो नेहमीच घाई करते. हे पानं पाय ना, किती हायेत अजून. त्याले म्हन, आठ रोज थांब."

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती पानं माझी आहेत, झाडाची नाहीत, एवढंच सांगायचं होतं. आठवडाभर ते ओठांवर यायचं आणि परत जायचं. दादा चित्र उशाशी ठेवून झोपायचे, भेटायला येणाऱ्यांना दाखवायचे. बाग आहे, काही दिवस इकडेतिकडे चालत असतील, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वडिलांच्या बागेतच वाढलेला मी, मला हे कळत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

पुढच्या रविवारी गेलो तर फांद्या शेंड्यापासून काळ्या पडत चालल्या होत्या. सालदारानं एक काळी काडी मोडून माझ्या हातात ठेवली. मी माझ्याच जबाबदारीवर मोट जुंपायला सांगितली. तो दिवसभर पाणी ओढत होता आणि मी खोरं घेऊन मुळ्या झाकत होतो. हाताला फोड आले. निम्म्याहून जास्त झाडं तरीही उठली नाहीत.

बरीच झाडं गेली, एवढं मी दादांना सांगितलं; कशानं, ते नाही. चैत्रात ते काठी टेकत चालायला लागले. बाग बघायचीच म्हणाले, ऐकेनात, तेव्हा त्यांना बैलांच्या दमणीत घालून नेलं. वाळलेल्या झाडांसमोर एकेक करून ते थांबत, काडी मोडून आत ओल आहे का बघत आणि पुढे जात. मी मागे होतो. शेवटच्या ओळीशी मला राहवलं नाही.

"दादा, चित्रात पानं मी जास्तीची घातली होती."

ते वळले. "काहून गा?"

"चित्र बरं दिसावं म्हणून."

मला वाटलं, काठी उगारतील. ती उगारली असती तर बरं झालं असतं. ते धुऱ्यावर टेकले, हातातली काडी टाकून दिली आणि हळूच म्हणाले, "मले वाटलं व्हतं, तुले बाग दिसून राहिली."

मेलेली झाडं तोडून सरपणाला गेली आणि तिथे ज्वारी पेरली. चित्र दादांनी आपल्या घरी दारासमोरच लावलं. आल्यागेल्याला सांगायचे, माह्या लहान्या भावानं काढलं, अशी होती बाग. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी नंतरही चित्रं काढली, ते घरी आले की बघायचे आणि मान हलवायचे. झाडाला संत्रं लागतं का, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते जाईपर्यंत मी वाट पाहत होतो, एकदा तरी विचारतील.