अण्णांचं संरक्षित घर

आमच्या शेतातल्या घरात खिळा ठोकायचा असेल तर सरकारला विचारावं लागतं, आणि ही सोय मी स्वतः करून ठेवलेली आहे.

घर जुनं आहे. किती जुनं ते अण्णांनाही ठाऊक नाही. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, सागवानी खांब, भिंतीच्या पोटात धान्य साठवायचं बळद, वर पांढऱ्या मातीचं माळवद. माळवदाला उजेडासाठी एक भोक आहे. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा कुठवर सरकला हे बघून अण्णा वेळ सांगतात. माझ्या घड्याळापेक्षा बरोबर!

आई गेल्यावर अण्णा तिथं एकटेच राहायचे. मी पाटोद्याला मास्तर. दुष्काळाच्या त्या वर्षी आसपासच्या वस्त्या टँकरच्या जवळ म्हणून गावात गेल्या. अण्णा हलले नाहीत. मी दर रविवारी जायचो, आणि प्रत्येक वेळी अण्णा आठवडाभराचं एका दमात बोलायचे. (मी त्याला म्हातारपणीचा बडबडेपणा समजायचो.)

एका रविवारी ते भलतेच खुशीत होते.

"आपल्या ढाळजंत डेअरी येणार हाय!"

ढाळज म्हणजे दारातली बैठक. पिकं गेली तरी लोकांनी दोन-दोन गाई जगवल्या होत्या, त्यांची दूध सोसायटी निघाली होती, आणि चेअरमनला संकलन केंद्रासाठी जागा हवी होती.

"भाडं किती देणार?" मी विचारलं.

"भाडं कशाला? सकाळ-संध्याकाळ चाळीस माणसं येत्याल की!"

"पण जागा पुरेल का?"

"म्होरली भीत पाडून शटर बसवायचं. लई सोपं काम हाय."

भीत पाडायची! मी इतिहासात एम.ए. केलेलं. शिवाय जुन्या वास्तूंच्या जतनाचं दोन दिवसांचं शिबिरही (जेवणासह) केलेलं. अण्णांनी पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं ते काय शटर बघायला? त्यांच्या कष्टांची उतराई म्हणून मी जिल्ह्याला जाऊन घर संरक्षित करावं असा चार पानी अर्ज दिला. अण्णांना सांगितलं नाही. म्हटलं, एकदम आनंदाचा धक्का देऊ.

धक्का बसला. वारसा खात्याचे साहेब आले ते नेमके त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात सोसायटीचे साहेब जागा बघायला यायचे होते. अण्णांनी त्यांनाच डेअरीचे साहेब समजून पायाला पाणी दिलं.

"हे खांब सागवानी आहेत का काका?" साहेबांनी हळुवारपणे खांबावर हात फिरवला.

"सागवानीच. पर तुमी काळजी करू नका, चार दिसांत उपटून देतो. मदी अडत्यात!"

साहेबांचा हात खांबावरच थिजला.

"आणि हे बळद?"

"ते तर आजच फोडतो! तितं तुमचं मशीन बसंल."

"वरचं ते भोक..."

"पत्रा ठोकतो की! दुधात माती नगं पडाया."

"दुधात?" साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. इथं मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेब, चहा घेणार?"

अण्णा एकेक गोष्ट पाडायला काढत होते आणि साहेब घामाघूम होऊन ती लिहून घेत होते. अहवालात वास्तूला असलेला सर्वांत मोठा धोका म्हणून त्यांनी अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. 'पुढील आदेशापर्यंत कोणताही बदल करणार नाही' या कागदावर अण्णांनी डेअरीचा करार समजून, न वाचताच हसत सही केली आणि वर साहेबांच्या हातात दोन सीताफळं ठेवली!

पंधरवड्यात दारात 'संरक्षित वास्तू' अशी निळी पाटी उभी राहिली. ती वाचून चेअरमन दारातूनच मागं सरकले. "अण्णा, आता शटर कसं बसवावं? भिंतीला हात लावला तर गुन्हा म्हणं!" डेअरी फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडात गेली.

अण्णांनी मला समोर बसवलं. "कावून केलंस रं?"

"अण्णा, शंभर वर्षांनी लोक हे घर बघायला येतील!"

"तवर मी काय करू इतं?"

मी त्यांना शिबिराचं प्रमाणपत्र दाखवलं.

पुढं तर कहरच झाला. वाटेनं जाणारे दोघं-तिघं तंबाखूला म्हणून ढाळजेत टेकायचे, तेही बंद झाले. "नगं बाबा, सरकारी हाय!" म्हणत बांधावरूनच हात करू लागले. अण्णा पहाटे उठून रिकामी किटली घेऊन फाट्यावर जायला लागले. घरात एक गाय नाही! पण रांगेत उभं राहिलं की माणसं बोलतात. नंबर आला की अण्णा मागं जाऊन पुन्हा उभे राहायचे. पुढील आदेश अजून आलेला नाही.

मागच्या रविवारी गेलो तर उंबऱ्यावरच अण्णांनी एक कोरी वही पुढं केली. फूटपट्टीनं तीन रकाने आखले होते: नाव, गाव, कशासाठी आलात.

"येणाराची सही घ्याची, पाटीवाल्या साहेबानं सांगितलंय. तूच पयला."

मला वाटलं, अण्णांना अखेर वारशाचं महत्त्व पटलं! सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पुढं लिहिलं, 'ऐतिहासिक वास्तू पाहण्यासाठी.'

अण्णांनी चष्मा पुसून ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"मंजी मला बगाया अजून कुणीच आलं न्हाई म्हन की," ते म्हणाले.

मी घाईनं ओळ खोडायला पेन टेकवलं, तर त्यांनी वही मिटली.

"खाडाखोड चालत न्हाई. फुडच्या रविवारी नीट लिव."

एवढं शिकूनसवरून, तीन रकान्यांत मला नाव आणि गाव एवढंच बरोबर लिहिता आलं!