दोनदा पडलेलं मीठ

वाळवणाचं कौतुक मला सांगू नका. हल्ली जो तो उठतो आणि जुन्या काळच्या पापड-कुरडयांच्या नावानं गळा काढतो. म्हणे घरचे गहू, घरचा मसाला, वर्षाचं सगळं घरात, बाहेरून काडी आणायला नको! खरंय. पण ते वर्षाचं सगळं कुणाच्या कमरेवर उभं होतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारते, कारण कंबर माझी होती.

चाकणजवळच्या खेड्यात मी नांदायला आले, तेव्हा स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. नवरा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर होता, आठवड्याला सायकलवरून यायचा. घरात सासू, मोठी जाऊ आणि मी. त्या उन्हाळ्यात आम्ही जावा दीड महिन्यापासून एकमेकींशी बोलत नव्हतो. माझ्या माहेरचा पितळी सोऱ्या तिनं मला न विचारता शेजारी दिला आणि त्याची चकलीची चकती हरवून आली. मी एक बोलले, ती चार बोलली, तिथून अबोला. काही सांगायचंच झालं तर आम्ही म्हशीला सांगायचो. पाणी संपलं गं म्हशे, असं एकीनं म्हटलं की दुसरी मुकाट घागर उचलायची. हसू येतंय ना? मला नाही येत.

कुरडयांचे गहू भिजत घालून तीन दिवस झाले होते. रोज पाणी बदलायचं, हात आंबूस व्हायचे. तिसऱ्या दिवशी आळंदीपलीकडच्या माझ्या माहेराहून सांगावा आला. आई तापानं फणफणली होती आणि सारखी माझं नाव घेत होती. नवरा त्या दिवशी घरी होता, पण तो मिठाची गुळणी धरून बसला. मी सासूच्या पाया पडले. ती म्हणाली, गहू आंबलेत, उद्या वाटू, परवा कुरडया घातल्या की जा, गाडी जुंपून देते. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. मी लुगड्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वाटायला बसले.

ठरल्या दिवशी सकाळी चुलीवर मोठ्या पातेल्यात आधण उकळत होतं. चीक शिजवायला मी बसले होते आणि जाऊ अंगणात बाजा मांडायला गेली होती. आधणात मीठ तिनं घातलंय की नाही, हे विचारायचं म्हणजे आधी तोंड मी उघडायचं. चाखून बघायचीही सोय नव्हती. नैवेद्याआधी वाळवण जिभेला लागलं की ते उष्टं झालं, असा सासूचा नेम. मी मूठ भरून मीठ टाकलं आणि वर चीक ओतला. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघींनी सोऱ्या दाबून सगळ्या बाजा भरल्या. माझं चित्त गाठोड्याकडे होतं.

सासूनं नैवेद्य दाखवला, पातेल्याची खरवड तोंडात टाकली आणि थुंकली.

"ह्या खारट कुरडया पाव्हण्यांच्या ताटात वाढायच्या व्हय? पुन्ना गहू भिजू घाला. झाल्याबिगर कुणी उंबरा वलांडायचा न्हाई."

मी रडले, पदर पसरला, काही उपयोग झाला नाही. मेल्या त्या बाईला आई नव्हती की काय, देव जाणे. जाऊ खांबाला टेकून बघत उभी होती.

पुन्हा गहू, पुन्हा तीन दिवस पाणी बदलणं. चौथ्या दिवशी गहू वाटत होते, हात कोपरापर्यंत चिकात होते, तेव्हा माहेरचा माणूस आला. आईला आदल्या दिवशीच अग्नी दिला होता. मग मात्र सासूनं गाडी लगेच जुंपली.

खारट कुरडया काही फेकल्या नव्हत्या, वाळवून डब्यात भरल्या होत्या. आषाढात भाजी मिळेना, तेव्हा सासूनं तो डबा काढला. कुरडया पाण्यात भिजवल्या, पाणी ओतलं, पुन्हा भिजवल्या, पुन्हा ओतलं, आणि कांदा-मिरचीवर परतल्या. भाजीला मीठ अगदी बेताचं होतं. माझा घास हातातच राहिला.

"आत्याबाई, खारट कुरडयांची अशी भाजी व्हते, हे तुमाला तवा ठावं न्हवतं का?"

"व्हतं की," ती जेवता जेवता म्हणाली. "पर तुमा दोघींची मस्ती जिरवायची व्हती."

मी ताट सारलं. शेजारी बसलेल्या जावेनंही सारलं आणि किती महिन्यांनी म्हशीला नाही, मला म्हणाली, "मीठ मी घातलं व्हतं गं."

सासू मरेपर्यंत मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आजही घालते, आणि त्या तिच्या हक्काच्या आहेत. पण जावेनं जे सांगितलं, ते मला नवीन नव्हतं. त्या सकाळी मिठाच्या बरणीचं झाकण उघडं होतं आणि काठाला ओलं मीठ चिकटलेलं होतं. मला ते दिसलं होतं. तरी मी विचारलं नाही.