अंत्यविधीच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत

समजा, झेंडा अर्ध्यावर आणायचं काम तुमच्याकडे आलं. तुम्ही तो मध्यापर्यंत चढवाल आणि दोरी बांधून टाकाल. चुकलात. तो आधी थेट टोकाला न्यायचा, क्षणभर तिथे ठेवायचा, मग सावकाश खाली घ्यायचा. आणि तोही मध्यावर नाही, टोकापासून एक तृतीयांशच. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या पोर्थकेनिन गावात नगर परिषदेचा राखणदार हेडली नान्स याने नेमकी जागा कळावी म्हणून दोरीला लाल सुतळी बांधून ठेवली आहे.

एकोणीस वर्षं तो हे काम करतोय. त्याआधी खेकड्यांच्या बोटीवर होता. गुडघा गेला आणि किनाऱ्यावर आला. कोणत्या दिवशी कोणता झेंडा, कोण गेल्यावर अर्ध्यावर, सगळं नियमपत्रकात आहे आणि ते त्याच्या खोलीच्या दाराला चिकटवलेलं आहे. कोणी वाद घालायला आलं की हेडली बोलत नाही, दाराकडे बोट दाखवतो.

जानेवारीत गावातल्या डेन्झिल पेंगेलीची बोट समुद्रात सापडली, डेन्झिल नाही. खेकडे धरायचे पिंजरे कसे टाकायचे हे त्याला हेडलीनेच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी शोध थांबला. परिषदेच्या सचिव मिसेस बोलिथो म्हणाल्या, "हेडली, झेंडा अर्ध्यावर घ्या."

डेन्झिलची आई विनी परिषदेच्या समोरच राहते. हेडलीच्याच वर्गातली. झेंडा खाली आलेला दिसताच ती घरातल्या सपातांवरच रस्ता ओलांडून आली.

"दोरी अडकली का रे तुझी?"

"नाही, विनी. मिसेस बोलिथोंनी सांगितलंय."

"तिला काय कळतं समुद्रातलं? एखाद्या फ्रेंच बोटीने उचललं असेल त्याला. तुम्ही मारून मोकळे झालात."

त्यानंतर तो दिसला की ती वाट बदलायची.

नियम सांगतो की झेंडा अंत्यविधीच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत अर्ध्यावर ठेवावा. पण अंत्यविधी व्हायचा कसा? चर्चमध्ये साधी प्रार्थनाही विनीने होऊ दिली नाही. हेडली रोज सकाळी झेंडा टोकाला न्यायचा आणि सुतळीपर्यंत खाली घ्यायचा. सात आठवड्यांत कडा विरली, ती त्याने स्वतः शिवली.

पाच मार्च हा कॉर्नवॉलच्या संताचा दिवस, गावात मिरवणूक असते. मिसेस बोलिथो म्हणाल्या, "त्या दिवशी पूर्ण वर. आणि मग वरच राहू द्या. लोक विचारायला लागलेत."

हेडली स्वतः विनीकडे गेला. निदान आता तरी ती बरं बोलेल असं त्याला वाटलं होतं.

"वर?" ती म्हणाली. "का?"

"तूच भांडत होतीस ना?"

"तेव्हा भांडले. आता वर नेलात तर गावाचं रडून झालं, असंच ना? त्याला थडगं नाही, दगड नाही. एवढंच तर आहे." तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "सकाळी तू टोकाला नेतोस ना, तेवढा वेळ वाटतं, सापडला. मग खाली घेतोस. तरी ते बरं."

चहा तसाच राहिला.

पाच तारखेला झेंडा वर गेला. मिरवणूक गेली तेव्हा विनीचे पडदे बंद होते. सहा तारखेला सकाळी हेडलीने तो टोकाला नेला आणि दोरी हातात धरून उभाच राहिला. मिसेस बोलिथो कामावर आल्या.

"बांधा की."

"कुठल्या नियमाने? एकोणीस वर्षं मी लोकांना दारावरचं पत्रक दाखवलंय."

"नियमात नाही हे, हेडली."

"तेच म्हणतोय मी."

"परिषदेला लेखी विचारा. तोवर वरच ठेवा."

त्याने दोरी बांधली. समोरच्या खिडकीकडे पाहिलं नाही. मग नागरिकांनी प्रश्न विचारायचा कागद घेतला. दोन बैठका झाल्या, दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला, आणि दोन्ही वेळा त्याने तोच प्रश्न पुन्हा लिहून दिला: ज्याचा अंत्यविधी कधी होणारच नाही, त्याच्यासाठी दिवस कोणता धरायचा?